लष्करी ताब्यातल्या गावात आजारी पडणं: पॅलेस्टाईन आणि आपण

वैनगंगाकाठ (धागाकर्ती)

बाळंतपणाच्या तारखेपासून सुरू करते, कारण माझी सगळी नोकरी त्या तारखेभोवती गेली. गडचिरोली जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्य सेविका होते, आता निवृत्त आहे. शेवटची पाळी कधी आली ते विचारायचं, तारीख काढायची, कार्डावर लिहायची आणि पुढचे सगळे महिने त्या तारखेवर नजर ठेवून चालायचं. कोणत्या महिन्यात सुई, कधी रक्त तपासायचं, तारीख ऐन पावसात येत असेल तर बाईला आधीच दवाखान्याजवळच्या माहेरघरात कसं आणून ठेवायचं. तारीख हातात असली की अर्धं काम झालं.

गेली दोन-तीन वर्षं आपण सगळे टीव्हीवर गाझा बघतोय. माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. जून १९६७ पासून जिथे सैन्याचा ताबा आहे, तिथे माझ्यासारखी सिस्टर काम कसं करत असेल? निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसं वाचत गेले. जे समजलं ते इथे मांडते.

१९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा भाग), पूर्व जेरुसलेम आणि गाझा ताब्यात घेतले. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने वेस्ट बँकचे ए, बी आणि सी असे तीन भाग पाडले. यातला सी म्हणजे सुमारे ६० टक्के जमीन. तिथे सुरक्षा आणि बांधकाम दोन्ही इस्रायली लष्करी प्रशासनाच्या हाती. छोटा दवाखाना बांधायचा, पावसाचं पाणी साठवायला टाकं खोदायचं, तरी परवाना त्यांच्याकडून घ्यायचा. परवाना मिळणं फार दुर्मीळ, आणि तसंच बांधलं तर पाडायला बुलडोझर येतो.

आता अशा गावात रात्री बाई अडली असं समजा. गावाच्या तोंडाशी लोखंडी फाटक, पुढे मातीचा ढीग टाकून बंद केलेला रस्ता, त्याच्या पुढे सैनिकांचा नाका. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत २०२५ साली वेस्ट बँकमध्ये असे ८०० हून अधिक अडथळे होते. तो सगळा प्रदेश आपल्या अर्ध्या गडचिरोली जिल्ह्यापेक्षा कमी आहे, म्हणजे ५,६०० चौरस किलोमीटरच्या आसपास. २००० साली दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, सुरू झाला, त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत नाक्यावरच बाळंत झालेल्या साठाहून अधिक बायकांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आहे. त्यातली कितीतरी बाळं वाचली नाहीत, काही आयाही गेल्या. मग बायका ठरवलेल्या दवाखान्यात जायचं सोडून, पोचता येईल तिथे बाळंत व्हायला लागल्या. नऊ महिने जिने तपासलं ती सिस्टर एकीकडे, आणि बाळंतपण भलत्याच ठिकाणी.

कॅन्सरचं आणखी अवघड. रेडिएशनची सोय पॅलेस्टिनी रुग्णालयांपैकी फक्त पूर्व जेरुसलेमच्या ऑगस्टा व्हिक्टोरियामध्ये. मुलांच्या आणि हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी मकासेद, तेही तिथेच. वेस्ट बँकच्या माणसाला जेरुसलेममध्ये शिरायला परवाना लागतो, सोबत येणाऱ्या आईला वेगळा लागतो. पॅलेस्टिनी रुग्णवाहिका नाक्यापर्यंत येते. पलीकडे इस्रायली नंबरप्लेटची दुसरी उभी असते. रुग्णाला स्ट्रेचरवरून इकडून तिकडे हलवायचं, सलाईन हातात धरून.

भामरागडला पर्लकोटेला पूर आला की आम्हीही हेच केलंय. अलीकडच्या काठावर एक गाडी, पलीकडे दुसरी, मधे डोंगा. पण पूर ओसरतो, आणि कधी ओसरेल याचा अंदाज गावातला म्हातारा आभाळाकडे बघून सांगतो. नाका कधी उघडेल हे तिथे कोणालाच सांगता येत नाही. आपलं सगळं आरोग्याचं काम तारखांवर चालतं: लसीचा मंगळवार, टीबीच्या गोळ्यांचा महिना, बीपीची पुढची भेट. ताबा लांबला की पहिल्यांदा या तारखाच लोकांच्या हातातून जातात, असं मला वाचताना सारखं वाटत राहिलं.

ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घाला. राजकारण नको असं मी म्हणणार नाही, कारण हे राजकारणच आहे. फक्त माणसांबद्दल बोलताना तोंड सांभाळा, दोन्हीकडच्या.

बोरी_बाभळी

ताई, लय चांगलं लिवलं. मले फक्त एक गोष्ट समजत नाही. साठ वर्षं होत आले, एवढा तरास हाये, तर हे लोकं तेथून निंगून काऊन नाही जात? आमच्या गावातले अर्धे पोट्टे पुण्याले गेले. त्यायले कोणी नाक्यावर नाही अडवलं तरी गेले. यायले तं कारण बी हाये.

वरुडकर

बोरी_बाभळी भाऊ, तुमचा प्रश्न खरा आहे. मी संत्र्यावाला आहे, त्या बाजूनं सांगतो.

आपण कलम लावतो तेव्हा पाच वर्षं तिच्याकडून काही मागत नाही. फक्त पाणी पाजतो. तिकडचं जैतुनाचं (ऑलिव्हचं) झाड तसंच, फरक एवढा की ते एकदा धरलं की शेकडो वर्षं फळ देते. आज्याच्या आज्यानं लावलेलं झाड नातू झोडपतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडणी असते, घरदार शेतात उतरते, आणि वर्षभराचं तेल घरात येते. हजारो कुटुंबांचा दवाखान्याचा, शाळेचा खर्च त्या तेलावर निघते.

२००२ पासून इस्रायलनं भिंत बांधायला घेतली. ती भिंत १९६७ च्या सीमारेषेवरून सरळ गेली असती तर गोष्ट वेगळी होती. तिचा बहुतेक मार्ग वेस्ट बँकच्या आत शिरलेला आहे. त्यामुळे घर भिंतीच्या एका बाजूला आणि वावर दुसऱ्या बाजूला, असं कितीतरी गावांचं झालं. वावरात जायला शेतीचं फाटक आणि परवाना. बरीच फाटकं फक्त तोडणीच्या दिवसांत उघडत. ऑक्टोबर २०२३ नंतर तर भिंतीपलीकडच्या जमिनीत जाणं जवळपास बंदच पडलं.

आता संत्र्यावाल्यानं विचार करावा. आंबिया बहाराला डिसेंबरात ताण देता, म्हणजे पाणी बंद ठेवता, जानेवारीत तो तोडून पाणी सोडता. त्या पंधरा दिवसांत तुम्हाला तुमच्याच बागेत शिरू दिलं नाही तर? छाटणी नाही, नांगरणी नाही, गवत माजलं, उन्हाळ्यात आग लागली तर विझवायला कोणी नाही. झाड उभं दिसते पण उत्पन्न जाते. त्यातच शेजारच्या इस्रायली वसाहतीतल्या लोकांनी झाडं तोडल्याच्या, तोडणीला गेलेल्यांना मारहाण केल्याच्या घटना दर हंगामात नोंदवल्या जातात.

तुम्ही म्हणता निघून का जात नाही. १९४८ ला सात लाखांहून जास्त लोक निघाले किंवा हाकलले गेले, ते परत येऊ शकले नाहीत. त्यांच्या नातवंडांची नावं आजही निर्वासितांच्या यादीत आहेत. ज्याच्या घरात ही गोष्ट रोज सांगितली जाते तो माणूस वावर सोडेल का? आपला पोट्टा पुण्याला गेला तरी सातबारा गावात राहते, दिवाळीला तो घरी येते.

बोरी_बाभळी

समजलं दादा. दिवाळीले घरी येता येत नसन तर मी बी नाही सोडणार.

एक_वाचक

धागा चांगला आहे पण एका बाजूने झुकलेला वाटतो. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ जणांना ओलीस नेलं. त्याआधी दुसऱ्या इंतिफादात बसमध्ये, हॉटेलात आत्मघाती स्फोट झाले. नाके, भिंत हे सगळं उगाच आलेलं नाही. ज्या देशाची मुलं बसमध्ये मेली तो देश तपासणी करणारच. आपल्याकडे २६/११ नंतर आपण काय कमी कडक झालो?

वैनगंगाकाठ

एक_वाचक, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे आणि ते इथे लिहिलं गेलं हे बरं झालं. त्या दिवशी जे झालं त्याला माझ्या लेखी कोणतीच सबब नाही.

त्याच दिवसातली एक गोष्ट सांगते. इस्रायलमध्ये एक स्वयंसेवी संस्था आहे, तिचे लोक स्वतःची गाडी घेऊन नाक्यावर जातात, पॅलेस्टिनी रुग्णांना, बहुतेक लहान मुलांना, इस्रायली रुग्णालयात सोडतात आणि परत आणतात. २०१० पासून हे चालू आहे. या कामातल्या व्हिव्हियन सिल्व्हर ७ ऑक्टोबरला बेएरी या किबुत्झमध्ये (सामूहिक वस्तीत) मारल्या गेल्या. नीर ओझ किबुत्झचे ओडेद लिफशित्झ हे ऐंशी ओलांडलेले गृहस्थ गाझातल्या रुग्णांना गाडीतून नेत असत. त्यांना ओलीस नेलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांचा मृतदेह परत आला. आणि त्या संस्थेचे लोक त्यानंतरही वेस्ट बँकच्या नाक्यांवर गाड्या घेऊन गेले. हे वाचून मी बराच वेळ काही केलं नाही.

सुरक्षेची तपासणी आणि आजारी माणसाला तासन् तास थांबवणं यांत फरक करता येतो, असं त्या गाडी चालवणाऱ्यांना वाटतं. मलाही वाटतं. गावातलं टाकं पाडण्यात, शेळ्यांचा गोठा पाडण्यात कोणती सुरक्षा आहे?

सेवाग्रामी

मी सेवाग्रामला शिकलो, आता तालुक्याला प्रॅक्टिस करतो. कायद्याचा मुद्दा थोडक्यात मांडतो, कारण एक_वाचक यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

१९४९ चा चौथा जिनिव्हा करार युद्धातल्या आणि ताब्यातल्या नागरिकांबद्दल आहे. त्यात ताबा घेणाऱ्या सैन्याला सुरक्षेचे उपाय करायची मुभा आहेच. पण कलम ५५ म्हणतं की ताब्यातल्या लोकांना अन्न आणि औषधं मिळतील हे बघणं ताबा घेणाऱ्याचं कर्तव्य. कलम ५६ म्हणतं की रुग्णालयं, सार्वजनिक आरोग्य, साथीच्या रोगांवरचे उपाय हेही स्थानिक यंत्रणेच्या मदतीने त्याने चालू ठेवायचे. कलम ४९ म्हणतं की स्वतःची लोकसंख्या ताब्यातल्या भूमीवर नेऊन वसवायची नाही. आज वेस्ट बँकमध्ये पाच लाखांच्या आसपास आणि पूर्व जेरुसलेममध्ये दोन लाखांहून जास्त इस्रायली वसाहतकरी राहतात. हा करार इथे लागू होत नाही असं इस्रायल म्हणत आलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ च्या जुलैत, भिंतीवरच्या मतात, तो लागू होतो असं सांगितलं. १९ जुलै २०२४ च्या मतात तर हा ताबाच बेकायदा आहे आणि लवकरात लवकर संपवावा असं म्हटलं. मतं बंधनकारक नसतात, इस्रायलने ती मानली नाहीत, हेही खरं.

आमच्या वर्धेशी या विषयाचा जुना संबंध आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी शेगावहून, म्हणजे आजच्या सेवाग्रामहून, 'हरिजन'साठी ज्यूंवर एक लेख लिहिला. युरोपात छळल्या जाणाऱ्या ज्यूंबद्दल त्यांना मनापासून कळवळा होता, आणि तरीही पॅलेस्टाईन अरबांचं आहे असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्या लेखावर तेव्हाही खूप टीका झाली, जर्मनीतल्या ज्यूंना दिलेल्या सल्ल्यावर तर विशेष. पण एकाच लेखात दोन्ही दुःखांना जागा होती.

एक_वाचक

कलमांची माहिती नव्हती, धन्यवाद. सुरक्षेबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. टाक्याबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

खारपाण

बुलढाणा जिल्ह्यातून. आमचा पट्टा नावातच सांगतो काय आहे ते. पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं पाणी खारट, आणि किडनीच्या रोगाने आमच्याकडची गावंच्या गावं हैराण आहेत. म्हणून गाझाच्या पाण्याबद्दल मी युद्धाच्या आधीपासून वाचत होतो.

गाझा ३६५ चौरस किलोमीटरचा, लोकसंख्या वीस लाखांवर. जमिनीखाली समुद्राला लागून एक भूजलाचा साठा. पावसाने दरवर्षी जेवढं पाणी त्यात मुरतं त्याच्या तीनपट तरी उपसलं जात होतं. उपसा वाढला की गोडं पाणी मागे हटतं आणि समुद्राचं आत शिरतं. वरून सांडपाणी आणि खतांचं नायट्रेट झिरपतं. युद्धाच्या आधीच तिथलं सुमारे ९७ टक्के भूजल पिण्याच्या लायकीचं नव्हतं. नायट्रेट जास्त असलेलं पाणी बाटलीच्या दुधात मिसळलं तर तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही, बाळ निळं पडतं. लोक मग टँकरवाल्या खासगी प्लांटचं पाणी विकत घेत. गरीब घराचा केवढा पैसा त्यात जात असेल ते आम्हाला सांगायला नको.

आमच्याकडे पाणी खारं आहे ते भूगर्भामुळे. आम्ही सरकारला शिव्या देतो, मोर्चा काढतो, लांबच्या धरणावरून पाइपलाइन मागतो, उशिरा का होईना थोडं काही होतं. गाझात २००७ पासून नाकेबंदी. सांडपाण्याच्या प्लांटला पंप पाहिजे, पाइप पाहिजे, तर 'लष्करी उपयोग होऊ शकतो' या यादीत तो माल अडकतो. युद्धाआधीही वीज दिवसाचे काही तासच. पंप बंद पडला की कच्चं सांडपाणी समुद्रात, आणि तोच समुद्र परत भूजलात.

वेस्ट बँकमध्ये उलटं आहे. तिथे डोंगराखाली चांगलं पाणी आहे, पण १९६७ च्या लष्करी हुकमापासून परवान्याशिवाय विहीर खोदता येत नाही. हेब्रॉनच्या दक्षिणेला मसाफर यत्ता म्हणून मेंढपाळांच्या वस्त्या आहेत. १९८० च्या दशकात तो भाग लष्कराच्या गोळीबार-सरावाचं क्षेत्र ठरवला आणि मे २०२२ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या लोकांना हटवायला वाट मोकळी केली. नळ नसलेल्या अशा वस्त्यांमध्ये माणशी दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी मिळतं. जागतिक आरोग्य संघटना १०० लिटर म्हणते.

आकडे_मोजणारा

सगळ्यांची माफी मागून एक नावडती गोष्ट लिहितो. २०२० च्या सुमाराला पॅलेस्टाईनचा अर्भक मृत्युदर हजारी १२ च्या आसपास होता. त्याच वर्षी भारताचा २८. लसीकरण तिथे जवळजवळ पूर्ण, साक्षरता ९७ टक्क्यांच्या घरात. मेळघाटातली धारणी-चिखलदऱ्याची बालकं आठवा. आपण स्वतंत्र देशात आहोत, आपली मुलं त्यांच्यापेक्षा जास्त मेली. मग ताब्यामुळे आरोग्य बिघडतं हे कसं म्हणायचं? आधी आपलं घर बघू नये का?

वैनगंगाकाठ

तुमचे आकडे बरोबर आहेत आणि प्रश्न मला आवडला. पावसाळ्यात मेळघाटाच्या बातम्या आल्या की माझाही जीव तुटतो. आपलं घर बघायलाच पाहिजे, आणि त्यासाठी दुसऱ्याच्या घराकडे पाठ फिरवावी लागते असं मला नाही वाटत.

आता ते १२ आले कुठून ते बघा. १९७९ मध्ये जेरुसलेम आणि रामल्लाच्या तरुण डॉक्टरांनी सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरते दवाखाने सुरू केले. लष्करी प्रशासनाचे दवाखाने गावांपर्यंत पोचत नव्हते म्हणून. मुस्तफा बरघौती त्यातलेच एक. पुढे गावातल्याच मुलींना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं, बीरझेत विद्यापीठाने त्यात हात दिला. दुसरीकडे १९५० पासून निर्वासितांच्या छावण्यांत संयुक्त राष्ट्रांची संस्था माता-बाल दवाखाने आणि शाळा चालवत होती. बायका शिकल्या. म्हणजे ते १२ लोकांनी कमावलेत. आपल्याकडे राणीताई आणि अभय बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून मृत्यू कमी करून दाखवले, त्याच जातीचं हे काम. म्हणून तर मला ते जवळचं वाटतं.

आणि तुलना करायची तर शेजारच्याशी करा. एकाच टेकडीवर वसाहत आणि खाली गाव. वसाहतीतल्या बाळाला इस्रायलचा दर मिळतो, तो हजारी ३ च्या आसपास आहे. इस्रायलमध्ये माणूस सरासरी ८२-८३ वर्षं जगतो, वेस्ट बँकमध्ये त्याहून काही वर्षं कमी. मधलं अंतर पायी चालण्याएवढं.

मेले किती यावरून सगळं कळतं असंही नाही. बीरझेतच्या प्राध्यापक रीटा जकामान यांचं काम मी वाचलं ते याच कारणासाठी. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रामल्ला भागातल्या शाळकरी मुलांना विचारलं: तुमच्यादेखत घरच्या माणसाचा अपमान झाला का, तुमचा झाला का? ज्या मुलांनी अपमान जास्त सोसला त्यांची डोकेदुखी, पोटदुखी, झोप न येणं, थकवा या तक्रारी जास्त होत्या. गोळीबार, धाडी अशा इतर गोष्टी हिशेबात धरूनही अपमानाचा परिणाम वेगळा उरला. २००७ मध्ये हा अभ्यास छापून आला. आता माझ्या ओपीडीत पोट दुखतं म्हणून आलेला दहावीतला मुलगा मी कसा तपासला असता? जंताची गोळी दिली असती. त्या मुलाच्या बापाला नाक्यावर सगळ्यांसमोर शर्ट वर करायला लावलाय, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

रात्री घरात सैनिक शिरतील म्हणून बायका बाहेरचे कपडे अंगावर ठेवूनच झोपतात. मोठी झालेली मुलं अंथरूण ओलं करतात. पन्नाशीतल्या माणसांना मधुमेह, बीपी, हृदयरोग तिथेही आपल्यासारखेच वाढलेत, आणि तिथल्या पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालयाकडे पगाराला पैसे नसतात, कारण त्यांच्या वतीने गोळा केलेला कर इस्रायल अडवून धरतं. डॉक्टर-नर्सना अर्धामुर्धा पगार, औषधांच्या खोलीत रिकामी कपाटं. बीपीची गोळी दोन महिने चुकली तर माणूस लगेच मरत नाही. तीन वर्षांनी त्याला लकवा होतो, आणि तो कोणत्याच युद्धाच्या यादीत येत नाही.

झाडीपट्टी

ताई, तुमच्याच जिल्ह्यातला आहे. दोन बंदुकांच्या मधलं गाव आपण पाहिलंय. रात्री दार वाजलं की कोण असेल, दिवसा कोण विचारपूस करेल, कोणाला जेवू घातलं म्हणून कोण राग धरेल. शाळेत सिस्टर यायला घाबरायच्या. मग आपलंही तसंच म्हणायचं का?

वैनगंगाकाठ

दार वाजण्याची भीती तीच आहे, ती मी कमी लेखत नाही. पण मी दोन्ही एक म्हणणार नाही. आपल्या गावात माणसाला मत आहे, ग्रामसभा आहे, वनहक्काचा दावा लावता येतो, पोलिसाविरुद्धही त्याच कोर्टात जाता येतं जिथे जिल्ह्याचा साहेब जातो. वेस्ट बँकमध्ये पॅलेस्टिनी मुलगा, अगदी बारा वर्षांचा, पकडला गेला तर लष्करी न्यायालयात उभा राहतो. त्याच रस्त्यावरच्या वसाहतीतल्या मुलाला इस्रायलचा नागरी कायदा लागू. जे सरकार त्यांच्यावर राज्य करतं ते निवडायचा त्यांना हक्क नाही. आपल्याकडे हक्क कागदावर आहेत आणि ते मिळवायला भांडावं लागतं. त्यांच्याकडे भांडायला तो कागदच नाही.

अर्जुनीमोर

गोंदिया जिल्ह्यातून लिहितोय. आमच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७० च्या दशकापासून. आम्ही त्यांच्याकडे स्वेटर घेतो, सणाला जातो, पण ते इथे का आले हे आमच्या पिढीने कधी नीट विचारलं नाही. १९५९ ला दलाई लामा भारतात आले तेवढंच पुस्तकात होतं. हा धागा वाचून तिथल्या एका आजोबांकडे जाऊन बसलो. ते मुलं, पाऊस, धान यांवर बोलत राहिले. मग म्हणाले की गावाकडचं कोणी आजारी असल्याचं कळतं तेव्हा ते बरेचदा आधीच गेलेलं असतं. पुढे मी काही विचारलं नाही.

नागपुरी

सेवाग्रामी यांच्या प्रतिसादाला जोडून. १९३८ मध्ये जपानने चीनचा मोठा भाग व्यापला होता, तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत, ते १९४२ ला तिथेच वारले. पण त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते हे नागपुरातही फार थोड्यांना ठाऊक आहे. ताब्यातल्या मुलखातल्या रुग्णाशी आपला काय संबंध, या प्रश्नाचं उत्तर आपल्या शहराने तेव्हा दिलं होतं.

धामणगाव_रेल्वे

एक वेगळं विचारतो. माझ्या भाच्याला इस्रायलला बांधकामावर जायचं आहे. पगार इथल्या कित्येक पट सांगतात. जावं का?

सेवाग्रामी

त्या जागा रिकाम्या कशा झाल्या ते त्याला माहीत असू द्या. ऑक्टोबर २०२३ पर्यंत लाखाहून जास्त पॅलेस्टिनी मजूर रोज पहाटे तीन-चारला नाक्यावर रांगेत उभे राहून इस्रायलमध्ये कामाला जात. त्यानंतर बहुतेकांचे परवाने रद्द झाले आणि भारतातून भरती सुरू झाली, हरियाणा-उत्तर प्रदेशात आधी. तुमच्या भाच्याने जावं की नाही हे मी सांगणार नाही, घरात कर्ज असेल तर मी सांगणारा कोण. पण गेला तर करारनामा वाचून, विमा बघून, सायरन वाजल्यावर आसरा कुठे आहे हे विचारून जावं. आणि ज्या घरातली ती मजुरी गेली त्या घरातही आज कोणाची तरी गोळी थांबलेली असेल, एवढं लक्षात असू द्यावं.

खारपाण

ताई, एक शेवटचं. आमच्या घरात डायलिसिसचा पेशंट आहे. गाझात डायलिसिसवाल्यांचं काय झालं? आणि तुम्ही पल्स पोलिओ केलेल्या, तिकडे पोलिओ आला होता म्हणतात ते खरं का?

वैनगंगाकाठ

पोलिओ खरा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या बाळाचा पाय लुळा पडला, गाझातला २५ वर्षांतला पहिला रुग्ण. युद्धाआधी तिथे जवळपास सगळ्या मुलांना लस मिळत होती. एका वर्षात सांडपाणी, तंबू आणि चुकलेल्या डोसांनी ते मोडलं. सप्टेंबरमध्ये ठरलेल्या भागात दिवसाचे काही तास लढाई थांबवायचं ठरलं आणि पहिल्या फेरीत दहा वर्षांखालच्या साडेपाच लाखांहून जास्त मुलांना थेंब पाजले. ज्या सिस्टरांनी ते केलं त्यातल्या कित्येकजणी स्वतः तंबूत राहत होत्या. आइसपॅक गार ठेवायला वीज कुठून आणली असेल हा विचार मी अजून करते.

डायलिसिसबद्दल. युद्धाआधी गाझात हजाराहून जास्त माणसं डायलिसिसवर होती. रुग्णालयं बंद पडत गेली तसं आठवड्याच्या तीन वेळांच्या दोन झाल्या, चार तासांऐवजी दोन-तीन तास मशीन मिळायचं. तुमच्या घरी पेशंट आहे म्हणजे तुम्हाला माहीत आहे, पाळी चुकली की पायावर सूज येते, छातीत पाणी भरतं, पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबतं. असे कितीतरी पेशंट गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला तेव्हा हजारो रुग्ण गाझाबाहेर उपचाराला जायच्या यादीत थांबलेले होते. ही थांबण्याची पद्धत जुनीच. २०१७ साली, म्हणजे युद्ध नसताना, उपचारासाठी बाहेर जायचे गाझातल्या रुग्णांचे फक्त ५४ टक्के अर्ज वेळेत मंजूर झाले होते, बाकीच्यांची रुग्णालयातली तारीख निघून गेली.

तुमच्या पेशंटला पाणी मोजून द्या. पुढच्या पाळीच्या दिवशी रस्ता बंद असण्याची शक्यता असेल, पूर असो की बंद, तर केंद्राला आदल्या दिवशी फोन करून पाळी अलीकडे घ्या. आपल्याला तेवढं करता येतं.